प्रश्नाला उत्तर देणारा शिक्षक



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही बोनसवर, कंत्राटी कामगारांवर, नाही तर नव्या कामगार कायद्यांवर बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही रघुनाथ धोंडो कर्वे यांचे नाव सांगितले. त्यांना जरा नवल वाटले. कामगार संघटकाचा आणि संततिनियमनाच्या प्रचारकाचा काय संबंध, असे आपल्यालाही वाटत असेल. तो संबंध आम्हांला फार उशिरा कळला, आणि तो कळण्याची किंमत आम्ही नव्हे, दुसऱ्याने मोजली. तेच आधी सांगतो.

पंचवीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचा एक सभासद संध्याकाळी युनियनच्या कचेरीत येऊन बसे. रजेचे विचारी, फंडाचे विचारी, चहा घेई आणि जाई. असा तो तीनदा आला. चौथ्या वेळी म्हणाला, ‘साहेब, घरी अडचण आहे.’ आम्हांला अडचण म्हटले की पैशाची एवढीच ठाऊक! आम्ही लगेच सोसायटीच्या कर्जाचा अर्ज पुढे केला, स्वतःच्या हाताने भरून दिला. कर्ज मंजूरही झाले. ते पैसे त्याच्या बायकोच्या तेराव्याला उपयोगी पडले. तिसऱ्या बाळंतपणातच डॉक्टरांनी सांगितले होते की, पुन्हा दिवस राहिले तर जिवाला धोका आहे. राहू नयेत म्हणून काय करायचे, हे विचारायला तो आमच्याकडे येत होता. विचारायची त्याला लाज वाटली, आणि त्याच्या तोंडावरचा प्रश्न ओळखायची आम्हांला अक्कल नव्हती.

त्यानंतर आम्ही कर्वे वाचायला घेतले. आम्ही कॉलेजचे तोंड पाहिलेले नाही. जे काही वाचले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा आजचे बोलणे पंडिताचे नाही, एका उशिरा आलेल्या विद्यार्थ्याचे आहे, असे समजून ऐकावे.

रघुनाथरावांचा जन्म 1882 सालचा. वडील म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. मुलगा नऊ वर्षांचा असताना आई गेली. वडिलांनी 1893 साली विधवेशी पुनर्विवाह केला आणि मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांना वाळीत टाकले. शहाण्या माणसाने खरे केले तर समाज त्याचे काय करतो, हे या मुलाने अकराव्या वर्षी घरातच पाहिले. पुढे लोकांनी वडिलांना महर्षी म्हटले, 1958 साली भारतरत्नही मिळाले. मुलाच्या वाट्याला असे काही आले नाही. स्त्रीने शिकावे, हे समाजाने कुरकुरत का होईना मान्य केले. मूल केव्हा व्हावे, किंबहुना व्हावे की नाही, हे तिने ठरवावे, हे मान्य करायला तो तयार नव्हता.

रघुनाथराव पेशाने गणिताचे प्राध्यापक. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपला दवाखाना उघडला, म्हणजे या बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती! 1923 साली त्यांचे संततिनियमनावरचे पुस्तक निघाले. 1925 साली या कामापायी प्राध्यापकी सोडावी लागली. 1927 च्या जुलैत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि 1953 साली मृत्यू येईपर्यंत, सव्वीस वर्षे, ते चालविले. नोकरी नाही, पाठीशी संस्था नाही, शेटजी नाही. पाठीशी होत्या फक्त पत्नी मालतीबाई. आपल्याला मूल नको, हा निर्णय या दांपत्याने विचारपूर्वक घेतला होता. लोकांना सांगायचे ते आधी आपल्या घरात करून दाखवायचे, ही त्यांची रीत.

आता त्यांच्या शिकवण्याच्या पद्धतीविषयी. गणिताचा शिक्षक विद्यार्थ्याला ‘हे उदाहरण तुला अडलेच कसे?’ म्हणून हिणवीत नाही, कुठे अडले ते पाहतो. रघुनाथरावांनी हीच शिस्त माणसाच्या सर्वांत खाजगी प्रश्नांना लावली. वाचक पत्रांतून प्रश्न विचारीत आणि ते मासिकातून उत्तर देत. उत्तर सरळ, मोजके, शास्त्राला धरून. शरीराच्या अवयवाला त्याच्या नावाने हाक मारायची, रोगाला रोग म्हणायचे, पाप म्हणायचे नाही. विचारणाऱ्याच्या नीतीची चौकशी करायची नाही. आणि त्या काळी कुणाच्या ध्यानीमनी नव्हते ते त्यांनी निक्षून सांगितले, की कामसुखावर स्त्रीचा पुरुषाइतकाच हक्क आहे.

या उत्तरांपायीच त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली. अश्लीलतेच्या आरोपाखाली 1931 साली दंड झाला. 1934 सालच्या खटल्यात वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरेच आरोपीच्या पिंजऱ्यात होती. त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोक अडचणीने विचारतात, त्यांना जाणत्याने उत्तर द्यायचे नाही तर कोणी द्यायचे, असा या बचावाचा रोख होता. खटला हरला, दंड झाला, मासिक मात्र चालू राहिले.

येथे आम्हां कामगार चळवळीतल्या लोकांनी खाली मान घालावी अशी एक गोष्ट सांगतो. 7 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबईच्या कामगारांनी औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप केला. बाबासाहेब त्याच्या पुढाऱ्यांत होते. तो दिवस आम्ही आमच्या शिबिरांत अभिमानाने सांगतो. त्यानंतर तीनच दिवसांनी, 10 नोव्हेंबरला, त्यांच्याच स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यांचे भाषण बाबासाहेबांनी तयार केले होते. ठराव फेटाळला गेला. बाबासाहेबांच्या दृष्टीने गिरणीच्या दारातला लढा आणि घराच्या दारातला लढा वेगळा नव्हता. आम्ही संप लक्षात ठेवला, ठराव विसरलो.

रघुनाथरावांची उणीवही सांगितली पाहिजे. मासिक वाचणाऱ्यालाच भेटते. चाळीतल्या निरक्षर बाईपर्यंत त्यांचे छापील उत्तर कसे पोहोचावे? रँग्लर परांजप्यांच्या कन्या शकुंतलाबाई परांजपे यांनी पुण्यात हे काम बायकांशी समोरासमोर बोलून पुढे नेले, 1964 साली राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली. पण अशी माणसे किती?

आणि जेथे शिकवणारा पोहोचत नाही तेथे हुकूम पोहोचतो. भारत सरकारने 1952 साली कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. त्याच देशात आणीबाणीत नसबंदीचे आकडे ठरवून दिले गेले आणि माणसे धरून नेली गेली. आपल्या विधिमंडळाने तर 1976 साली तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. पुढे 2007 साली शाळांतून मुलांना या विषयाचे शिक्षण द्यायचे ठरले, तेव्हा ओरड झाली आणि आपल्या राज्याने तो कार्यक्रम थांबविला. मोठ्यांवर सक्ती करायला आम्ही तयार होतो, लहानांना समजावून सांगायला मात्र लाजलो!

आमच्या कचेरीत आता एक पत्र्याची पेटी आहे. चिठ्ठीवर नाव घालायचे नाही. महिन्यातून एकदा एक डॉक्टरीणबाई येतात आणि सगळ्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचून उत्तरे देतात. पहिले चार महिने पेटी रिकामी निघाली. मंडळी हसली, ‘पेटी भंगारात द्या’ म्हणाली. पाचव्या महिन्यात एक चिठ्ठी निघाली. अक्षर बाईचे होते, प्रश्न तोच होता, जो आमच्या सभासदाला चार खेपांत विचारता आला नाही. डॉक्टरीणबाईंनी दहा मिनिटांत त्याचे उत्तर दिले. दहा मिनिटेच लागतात, मंडळी.

तो सभासद आता निवृत्त झाला आहे. त्याने आम्हांला कधी बोल लावला नाही. पेटीचे कुलूप उघडायला दर महिन्याला तोच येतो.