परतावे केव्हा आणि परतू नये केव्हा

बेळगावच्या पूर्वेस सुमारे दहा किलोमीटरांवर सांबरा हे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४२ साली, ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सने येथे विमानतळ उभारला आणि प्रशिक्षणासाठी त्याचा उपयोग केला. पुढे भारतीय वायुसेनेच्या जवानांची शाळा येथे नावारूपास आली. अलीकडे प्रवासी विमानांच्या जोडीला वैमानिक होऊ पाहणाऱ्या तरुणांची लहान विमानेही येथून उडतात. भोवतालच्या शिवारांना त्यांची घरघर परिचयाची झाली आहे.

असेच एक प्रशिक्षण-विमान ३० मे २०२३ रोजी सकाळी सांबऱ्याहून निघाले आणि तांत्रिक बिघाडामुळे त्याला जवळच्याच होन्निहाळच्या शेतात उतरावे लागले. आतील दोघेही किरकोळ दुखापतीवर बचावले. हे वर्तमान ऐकून पुष्कळांनी दैवाची थोरवी गायिली असेल. परंतु यंत्र बिघडले म्हणजे विमान दगडासारखे खाली यावयाचे, ही समजूतच मुळात चुकीची आहे.

विमानाला तोलून धरतात ते त्याचे पंख. यंत्राचे काम केवळ विमान पुढे ओढण्याचे. पंख वाऱ्याला किंचित तिरपे धरून वेगाने पुढे नेले म्हणजे ते हवेला खाली लोटतात आणि हवा पंखांना वर उचलते. घार पंख न हलविता आकाशात तरंगते, तेव्हा तिच्याजवळ कोणते यंत्र असते? अनेक उड्डाणशाळांतून दिसणारे सेसना १७२ हे चार आसनी विमान घ्या. त्याचे यंत्र बंद पडले तरी ताशी सुमारे १२० किलोमीटरांचा वेग राखल्यास ते एक फूट खाली येताना सुमारे नऊ फूट पुढे जाते. हजार फुटांवर असलेल्या वैमानिकाला वारा नसताना अडीच किलोमीटरांहून अधिक अंतर असे काटता येते.

मात्र हा वेग यंत्राविना टिकवावयाचा तर विमानाचे नाक थोडे खाली ठेवावे लागते. येथेच मनुष्यस्वभाव आडवा येतो. जमीन जवळ येऊ लागली की हात आपोआप दांडा मागे ओढतो. नाक वर होते, वेग सरतो, पंखांचा तिरपेपणा मर्यादेबाहेर जातो आणि त्यांवरून सुरळीत वाहणारी हवा फाटते. ह्यालाच वैमानिक ‘स्टॉल’ म्हणतात. पुरेशी उंची असेल तर नाक खाली करून ह्यातून सावरता येते; जमिनीलगत तेवढी सवड नसते. म्हणून नवशिक्याला पहिल्या दिवसापासून एकच धडा घोटून देतात : उंची गेली तरी चालेल, वेग जाता कामा नये.

ह्याच धड्यातून पहिला नियम निघतो. उड्डाणानंतर लगेच, थोड्या उंचीवर, यंत्र थांबले तर धावपट्टीकडे परतू नये. समोरच्या, फार तर थोड्या उजव्या-डाव्या बाजूच्या मोकळ्या जागेत उतरावे. मागे सुंदर डांबरी पट्टी असताना पुढच्या ढेकळांत उतरणे वेडेपणाचे वाटते. परंतु परतावयाचे तर पूर्ण अर्धे वर्तुळ वळूनही भागत नाही. पट्टीच्या रेषेत येण्यासाठी त्याहून अधिक वळावे लागते. वळण जितके तीव्र, तितका पंखांवरील भार अधिक. विमान ४५ अंश कलते ठेवून त्याच उंचीवर वळविले, तर ज्या वेगाला पंख दगा देतात तो वेग जवळजवळ एक पंचमांशाने वाढतो. ६० अंशांत पंखांवरील भार दुप्पट होतो. घाईत घेतलेल्या अशा वळणाने जगभर अनेक जीव घेतले आहेत. नांगरलेल्या शेतात विमान मोडेल, पण ताब्यात राहून सावकाश टेकले तर माणसे बहुधा वाचतात.

दुसरा नियम नेमका ह्याच्या उलट आहे. सांबऱ्याहून वायव्येस निपाणीच्या बाजूने कोल्हापूरकडे निघालेल्या शिकाऊ वैमानिकाला महामार्ग हा चांगला वाटाड्या आहे. वेदगंगा-दूधगंगेची पात्रे त्याला खुणा पुरवितात. परंतु डाव्या हाताला सह्याद्री आहे, आणि पावसाळ्यात तेथून ढग केव्हा चालून येतील ह्याचा नेम नसतो. ढगात शिरताच क्षितिज नाहीसे होते. मग कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय फसते. विमान वळत खाली जात असताना ते सरळ चालले आहे असे वाटते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९५४ साली ह्यावर एक प्रयोग झाला. केवळ उपकरणे पाहून उडण्याचे शिक्षण नसलेल्या वीस जणांना क्षितिज दिसेनासे केले, तेव्हा सरासरी १७८ सेकंदांत, म्हणजे तीन मिनिटांच्या आत, विमान त्यांच्या ताब्यातून गेले. म्हणून ढग समोर दिसताच, क्षितिज दिसत आहे तोवरच, परतावे. येथे पुढे जाणे हे शौर्य नव्हे.

एके ठिकाणी परतू नये आणि दुसऱ्या ठिकाणी परतावेच, हा विवेक आकाशात ऐन वेळी सुचत नाही. तो जमिनीवरच ठरवून न्यावा लागतो. कुशल वैमानिक निघण्यापूर्वी मनाशी म्हणतो, “अमुक उंचीच्या आत यंत्र गेले तर मी समोरच उतरेन.” टाकीच्या तळाचे थोडे पेट्रोल तो स्वच्छ पेल्यात काढून पाहतो, त्यात पाणी असेल तर ते खाली बसलेले दिसते. ठिणगी देणाऱ्या दोन्ही मॅग्नेटोंची तो वेगवेगळी परीक्षा घेतो. हवामानाचा हिशेब करतो. सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंच आहे. उन्हाळ्यात पारा ३५ अंशांवर गेला की तेथील हवा साडेपाच हजार फुटांवरील हवेइतकी विरळ होते. मग यंत्राचा जोर घटतो, धाव लांबते, चढ मंदावतो. सकाळी सहज उडालेले विमान दुपारी त्याच ओझ्याने तसेच उडेल, असे धरून चालणे धोक्याचे.

शिवारातील मंडळींनीही एक गोष्ट ध्यानी ठेवावी. शेतात विमान उतरलेच तर मदतीस जरूर धावावे, परंतु जवळपास विडी-काडी पेटवू नये; सांडलेल्या पेट्रोलला एक ठिणगी पुरते. आग लागलेली नसेल तर जखमीला ओढाताण करून बाहेर काढू नये. गर्दी दूर ठेवून आधी वर्दी द्यावी.

भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी वयाची अठरा वर्षे आणि किमान दोनशे तासांचे उड्डाण लागते. सीमाभागातील एखाद्या घरचा मुलगा वा मुलगी ही वाट धरील, तेव्हा आईबापांनी विमान केव्हा उडवू लागलास, एवढेच पुसू नये. आज हवा पाहून उड्डाण रद्द केलेस का, हेही पुसावे. आणि ‘होय’ असे उत्तर आले तर त्याबद्दलही त्याची पाठ थोपटावी.