पुनर्वसन केंद्रातील वृद्धांची शुश्रूषा आणि कुटुंबाची देखरेख

(इंदूर येथील मराठी कुटुंबांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)



पक्षाघात झालेले किंवा खुब्याचे हाड मोडलेले आईवडील रुग्णालयातून सुटले, की त्यांना पुन्हा उठते-बसते करण्याचा प्रश्न उभा राहतो. पूर्वी हे काम घरातील सुना-लेकींच्या अंगावर पडे आणि त्याची वाच्यताही होत नसे. आज इंदुरातील कित्येक मराठी घरांतील मुले पुण्यास, बंगळुरूस अथवा परदेशी आहेत. घरी दोन वृद्ध जीव तेवढे उरले आहेत. अशा वेळी पुनर्वसन केंद्राचा आश्रय घेण्यात कमीपणा मुळीच नाही. परंतु दरमहा शुल्क भरले म्हणजे जबाबदारी दुसऱ्याकडे गेली, ही समजूत मात्र घातक आहे.

हेळसांड बहुधा क्रूरतेतून उद्भवत नाही. एका आयाकडे पुष्कळ रुग्ण, लांबलचक पाळी आणि तुटपुंजे वेतन, अशा स्थितीत जो रुग्ण हाक मारू शकत नाही तो प्रथम मागे पडतो. पक्षाघाताच्या रुग्णाचेच पाहा. डावी बाजू लुळी पडलेल्या काही रुग्णांना डावीकडची वस्तू दिसत असूनही तिचे भान राहत नाही. जेवणाचे ताट त्याच बाजूस ठेवले, अर्ध्या तासाने जसेच्या तसे उचलले आणि वहीत ‘जेवण घेतले नाही’ अशी नोंद झाली, तर रुग्ण उपाशी राहतो आणि दोष मात्र त्याच्या अरुचीवर जातो. बोलावण्याची घंटाही पुष्कळदा त्याच लुळ्या हाताशी टांगलेली आढळते. पक्षाघाताने वाचा गेलेल्या दुभाषिक रुग्णांत कधी कधी एक भाषा दुसरीपेक्षा अधिक टिकून राहते. तेव्हा आयुष्यभर सफाईने हिंदी बोललेल्या आजीबाई आता केवळ ‘तहान’ एवढेच म्हणत असतील, तर तो शब्द हिंदी अर्थासह कागदावर लिहून खाटेशी लावून ठेवावा. उपाय क्षुल्लक वाटेल. पण त्याने घोटभर पाणी वेळेवर मिळते.

भेटीस गेल्यावर चादर स्वच्छ आहे की नाही एवढेच पाहून परतू नका. पाठीचा खालचा भाग, खुबे आणि टाचा स्वतः पाहा. दाबूनही न फिकटणारी लाली ही शय्याव्रणाची पहिली सूचना असते. सावळ्या त्वचेवर ती सहज दिसत नाही; म्हणून तेथील त्वचा भोवतालपेक्षा गरम किंवा कठीण लागते काय, हे हाताने तपासावे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलण्याचा प्रघात आहे. ती कोणत्या वेळी बदलली याची नोंदवही मागावी. सकाळी भरलेल्या सर्वच वेळा एका शाईत, एका दमात लिहिलेल्या दिसल्या, तर काय समजायचे ते आपण सुज्ञ आहात. महिन्याभरात वजन किती उतरले, जीभ कोरडी पडली आहे काय, आणि दर भेटीत रुग्ण झोपेतच का असतो, हेही विचारावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कित्येकदा औषधांच्या यादीत सापडते.

दूरस्थ मुलांना माझे एक सांगणे आहे. ठरल्या वेळी केलेल्या दूरध्वनीच्या पडद्यावर विंचरलेले केस आणि नवी शाल दिसते, टाच दिसत नाही. गावातील एखाद्या आप्ताला जेवणाच्या वेळी, तसेच पाळी बदलताना, पूर्वसूचनेवाचून जाण्यास सांगा.

बाहेरच्या माणसाची नजर किती कामाची असते, हे या शहराने २०२१ साली अनुभवले आहे. स्वच्छतेत सलग चार वर्षे देशात प्रथम आलेल्या इंदूर महापालिकेच्या कर्मचाऱ्यांनी २९ जानेवारीस निराधार वृद्धांना गाडीत घालून देवास रस्त्यावरील क्षिप्रा गावाजवळ उतरवले. दिवस थंडीचे होते. काहींना धड उभेही राहता येत नव्हते. तेथील रहिवाशांनी हटकले, प्रसंगाचे चित्रीकरण केले, तेव्हा त्याच वृद्धांना पुन्हा गाडीत चढवावे लागले. मुख्यमंत्र्यांच्या आदेशावरून एक उपायुक्त निलंबित झाले. कारवाई योग्यच होती. पण ती झाली ती रहिवाशांनी हटकल्यामुळे. बंद दाराआडच्या खाटेपाशी असा रहिवासी नसतो. ती जागा कुटुंबानेच भरून काढावयाची आहे.

‘तक्रार केली तर आईचे अधिक हाल करतील’ ही भीती मी पुष्कळांच्या तोंडून ऐकतो. ती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. म्हणूनच आयाशी हुज्जत घालू नये. प्रभारी परिचारिकेस व वैद्यांस भेटावे. काय पाहिले, कोणत्या दिवशी, किती वाजता, आणि काय सुधारणा किती मुदतीत हवी, हे एका पानात लिहून द्यावे व पोच घ्यावी. त्यानंतरचे काही दिवस घरातील कोणीतरी रोज तेथे दिसावे. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार उपचाराची कागदपत्रे मागणी केल्यापासून ७२ तासांत मिळावयास हवीत. ती आधीच मागून ठेवावीत.

एवढ्याने भागले नाही, तर शासकीय मार्ग आहेत. मध्य प्रदेशात रुग्णोपचार संस्थांच्या नोंदणीचा अधिनियम १९७३ पासून आहे. केंद्राची नोंदणी आहे काय, याची चौकशी जिल्ह्याच्या मुख्य चिकित्सा व स्वास्थ्य अधिकाऱ्यांकडे करावी. जिल्हाधिकारी कार्यालयातील मंगळवारची जनसुनवाईही उपयोगी पडते. शुल्क घेऊन दिलेल्या सेवेतील उणिवेसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. असहाय माणसाची शुश्रूषा करण्याचा कायदेशीर करार करून तो हेतुपुरस्सर न पाळणे, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५७ खाली अपराध आहे. हे कलम वकिलांनाही सहसा आठवत नाही.

आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाचा २००७ चा अधिनियम आपणांस ठाऊक असेल. त्यात ‘निर्वाह’ या शब्दात वैद्यकीय उपचारही येतात, आणि वृद्ध स्वतः अर्ज करू शकत नसेल तर त्याने अधिकृत केलेली व्यक्ती अथवा संस्था तो करू शकते. वृद्धास कायमचे टाकून देण्याच्या हेतूने कोठेही सोडणाऱ्यास कलम २४ खाली तीन महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परंतु हा अधिनियम मुलांकडे जितक्या कठोरपणे पाहतो, तितका शुश्रूषा केंद्रांकडे पाहत नाही. केंद्रांची नोंदणी व किमान दर्जा यांची तरतूद करणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले होते. ते संमत झाले नाही. ही उणीव मोठी आहे, आणि ती लवकर भरून निघावी असे माझे स्पष्ट मत आहे.

जखम खोल गेली असेल, ताप असेल किंवा रुग्ण ग्लानीत असेल, तर तक्रारीचा मसुदा करीत बसू नये. प्रथम रुग्णालयात न्यावे. तेथील वैद्यांना जखमेची लांबी, रुंदी, खोली व तारीख केसपेपरवर नोंदवण्यास सांगावे, छायाचित्र घ्यावे आणि मग पुढील पत्रव्यवहार करावा. मार्गदर्शनासाठी ज्येष्ठ नागरिकांची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ या क्रमांकावर उपलब्ध आहे. दूरध्वनी करताना केंद्राचा पत्ता, दाखल केल्याची तारीख आणि औषधांची यादी हाताशी ठेवावी.