लोकसभेचे वेळापत्रक आणि आपले ठराव

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आमचे आयुष्य शाळेत गेले आणि कितीएक वर्षे शाळेचे वेळापत्रक तयार करण्याचे काम आमच्याकडेच होते. शाळेत कोणत्या विषयाची काय किंमत आहे हे अभ्यासक्रमाच्या पुस्तकावरून कळत नाही, वेळापत्रकावरून कळते. गणिताला सकाळचा ताजा तास मिळे, चित्रकलेला आठवड्याचा शेवटचा. आणि पाहुणे आले की बुडे तो चित्रकलेचाच.

देशाच्या लोकसभेतही असे एक वेळापत्रक आहे. कोणत्या विधेयकाला किती तास द्यावयाचे हे कामकाज सल्लागार समिती सुचविते. पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर यांच्या कारकीर्दीत, 1952 साली, ही समिती प्रथम नेमली गेली. अध्यक्ष धरून तिचे सभासद पंधरा. ठरलेली मुदत संपली की चर्चा आटोपती घ्यावी लागते. अंदाजपत्रकाच्या वेळी तर शेवटच्या दिवशी चर्चेवाचून राहिलेल्या साऱ्या मागण्या एकदम मताला टाकतात. कोट्यवधी रुपये काही मिनिटांत मंजूर होतात.

मंत्री नसलेल्या सभासदांच्या विधेयकांना व ठरावांना शुक्रवारचे शेवटचे अडीच तास असतात. हा त्यांचा चित्रकलेचा तास! 1952 पासून अशी अवघी चौदा विधेयके कायदा झाली. त्यांतील शेवटचे 1970 साली. कोकणचे बॅरिस्टर नाथ पै यांची हकीकत ऐकण्यासारखी आहे. मूलभूत हक्कांना बाध आणणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 1967 मध्ये दिला. संसदेचा अधिकार पुन्हा स्थापित व्हावा म्हणून नाथ पैंनी त्याच वर्षी विधेयक मांडले. ते संयुक्त समितीकडे गेले, पुन्हा सभागृहात आले, आणि डिसेंबर 1970 मध्ये लोकसभा विसर्जित झाली तरी संमत झालेले नव्हते. जानेवारी 1971 मध्ये नाथ पै निवर्तले. पुढे त्याच उद्देशाची चोविसावी घटनादुरुस्ती सरकारने आणली, ती मात्र ऑगस्ट 1971 मध्ये दोन्ही सभागृहांत संमत झाली. ती दुरुस्ती इष्ट होती की नव्हती यावर विद्वानांत मतभेद आहेत. आम्हांला येथे तासांचा फरक तेवढा दाखवावयाचा आहे.

मग सामान्य माणसाच्या गाऱ्हाण्याला वाव कोठे? आमच्या मते प्रश्नोत्तराच्या तासात. सकाळी अकरा वाजता तो सुरू होतो. तारांकित प्रश्न दिवसाला वीस, तेही चिठ्ठ्या टाकून निवडलेले. तोंडी उत्तर मिळते ते यांनाच; आणि खरी मौज मूळ प्रश्नात नसून त्यावरील पूरक प्रश्नात असते. मूळ उत्तर कचेरीने लिहून दिलेले असते, पूरक प्रश्नाला मंत्र्याला स्वतः उभे राहावे लागते. 1957 साली फिरोज गांधी यांनी आयुर्विमा महामंडळाचे सुमारे सव्वा कोटी रुपये मुंदडा यांच्या कंपन्यांत कसे गुंतविले गेले याचा पाठपुरावा केला. सुरुवात प्रश्नोत्तरापासूनच झाली होती. पुढे मुंबईस न्यायमूर्ती छागला यांच्यापुढे उघड चौकशी झाली आणि 1958 मध्ये अर्थमंत्र्यांना पद सोडावे लागले.

शून्य प्रहराचे नाव आपण वर्तमानपत्रात वाचतो; नियमांच्या पुस्तकात मात्र त्याचे नाव नाही. तेथे बोलता येते, परंतु मंत्र्याने तत्काळ उत्तर दिलेच पाहिजे असे बंधन नाही. सप्टेंबर 2020 च्या अधिवेशनात साथीमुळे प्रश्नोत्तराचा तास व शुक्रवारचे खाजगी कामकाज ही दोन्ही वगळली गेली, लेखी उत्तरे तेवढी राहिली. सरकारी विधेयके मात्र संमत होत राहिली. कात्री कोठे चालली, पाहा.

आता घरची गोष्ट. परगावी शिकणाऱ्या आपल्या मुलांची केंद्राची शिष्यवृत्ती वर्ष उलटून हाती पडते. गेल्या साली त्यापायी आपल्यातील एका मुलाने महाविद्यालयातून नाव काढून घेतले. आपण काय केले? संमेलनात ठराव केला, टाळ्या वाजविल्या, सुबक छापून तो एका सन्माननीय सभासदांकडे पोहोचविला. त्यांनी विचारले, "गुरुजी, किती मुले? कोणत्या महिन्यात अर्ज, कोणत्या महिन्यात पैसे?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. शिवाय अधिवेशन चार दिवसांपूर्वीच संपले होते, आणि प्रश्नाची सूचना तर पंधरा दिवस आधी द्यावी लागते! ठरावाची भाषा आम्हीच लिहिली होती, तेव्हा दोष प्रथम आमचा.

म्हणून यंदा आम्ही ठराव लिहिलेला नाही. चिटणीसांच्या मेजावर एक वही ठेवली आहे. ज्यांच्या घरी शिष्यवृत्तीचा विद्यार्थी आहे त्यांनी जेवणास बसण्यापूर्वी तीत अर्जाचा महिना, मंजुरीचा महिना, पैसे मिळाल्याचा महिना आणि रक्कम एवढे लिहावे. पैसे आले नसतील तर तसेच लिहावे. पुढील अधिवेशनाची तारीख जाहीर होताच ती वही घेऊन आम्ही त्याच सभासदांकडे जाणार आहोत.