नेलेलीं लेंकरें, तुटलेलीं घरें

[गांवच्या वाचनालयांत जमलेल्या शेतकरी व कारागीर मंडळींपुढें एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण]



मी कांहीं मोठा वक्ता नव्हे. ट्रेनिंग कॉलेजांत दोन वर्षें काढून खेड्यांत मास्तरकी करणारा मी साधा माणूस. आज मी आपणांस सातासमुद्रांपलीकडच्या लोकांची हकीकत सांगणार आहें. पण आरंभ मात्र आपल्या गांवकुसाबाहेरच्या माळावरूनच करतों.

दोन वर्षांपूर्वीं जून महिन्यांत मी पटनोंदणीसाठीं माळावरच्या पारध्यांच्या पालांकडे गेलों होतों. तेथें सात एक वर्षांचा एक चुणचुणीत पोरगा दिसला. माझ्या हातांतलें रजिस्टर पाहतांच त्याच्या आजीनें त्याला वाकळांच्या ढिगामागें लोटलें आणि ती आडवी उभी राहिली. मी म्हटलें, "आजी, पोराला माझ्याकडं द्या. माणूस करतो त्याला." म्हातारी म्हणाली, "मास्तर, त्यो माणूसच हाय. न्यायाचं नाव काढू नगा." मी रागानें परत आलों. मनांत म्हटलें, काय हें अज्ञान! पुढें ऑस्ट्रेलियाची हकीकत वाचनांत आली, तेव्हां अज्ञान कोणाचें होतें तें मला कळलें.

ऑस्ट्रेलियांत गोरे लोक १७८८ सालीं वस्तीस आले. त्यांच्या आधीं हजारों वर्षें तेथें मूळचे लोक नांदत होते. त्यांच्या शेंकडों भाषा होत्या, आपापल्या जमिनी होत्या, नात्यागोत्याचे नियम होते. गोऱ्यांनीं जमिनी घेतल्या आणि मग या लोकांच्या 'संरक्षणा'चे कायदे केले. पश्चिम ऑस्ट्रेलियांत १९०५ सालीं असा कायदा झाला कीं, सोळा वर्षांखालील प्रत्येक मूळनिवासी व मिश्र रक्ताच्या मुलाचा कायदेशीर पालक सरकारी 'मुख्य संरक्षक'. आई जिवंत, बाप जिवंत, आणि पालक कोण, तर सरकारी अंमलदार! न्यू साउथ वेल्स प्रांतांत १९०९ सालचा कायदा होता. त्यांत मूल हयगयींत आहे हें न्यायालयापुढें सिद्ध करावें लागे. १९१५ सालीं ती अटहि काढून टाकली. मंडळाला वाटलें कीं मूल न्यावें, झालें, नेलें. मूल ताब्यांत घेण्याचें कारण लिहिण्यास कागदावर जी जागा असे, तेथें कांहीं अंमलदारांनीं मूल मूळनिवासी आहे एवढेंच कारण लिहून ठेवलें.

विशेष डोळा होता तो मिश्र रक्ताच्या मुलांवर. तीं आईपासून तोडलीं म्हणजे गोऱ्यांत मिसळून जातील व हे लोक हळूहळू संपतील, असा हिशेब होता. सुमारें १९१० पासून १९७० पर्यंत हें चाललें. पुढें झालेल्या चौकशीचा अंदाज असा कीं, या काळांत तेथील मूळनिवासी मुलांपैकीं दहांत एक ते तिहींत एक एवढीं मुलें घरापासून तोडलीं गेलीं. म्हणजे ज्याचें कोणी ना कोणी नेलें नाहीं, असें कुटुंब सांपडणें कठीण.

एका लेंकराची गोष्ट सांगतों. ती न्यायालयांत सिद्ध झालेली आहे. ब्रूस ट्रेव्हॉरो हा तेरा महिन्यांचा पोर. १९५७ च्या नाताळच्या दिवशीं त्याचें पोट बिघडलें. बापाजवळ गाडी नव्हती, म्हणून शेजाऱ्यांनीं त्याला अ‍ॅडलेड शहराच्या इस्पितळांत पोंचविलें. थोड्याच दिवसांत सरकारी खात्यानें तें मूल आईबापांस न विचारतां एका गोऱ्या घरीं देऊन टाकलें. कांहीं महिन्यांनीं आईनें पत्र लिहून विचारलें, माझें मूल कसें आहे, घरीं केव्हां मिळेल? उत्तर आलें, प्रकृति सुधारत आहे, पण डॉक्टरांना तें अजून उपचारासाठीं हवें आहे. मूल तर केव्हांच परक्याच्या घरीं गेलें होतें! दहाव्या वर्षाच्या सुमारास त्याला आईकडे आणलें, तेव्हां आई त्याला परकी झाली होती. तो पुढें संस्थांतून फिरला, दारूच्या नादीं लागला, आयुष्यभर खचलेलाच राहिला. २००७ सालीं न्यायालयानें त्याच्या बाजूनें निकाल देऊन ५ लाख २५ हजार डॉलर भरपाई ठरविली. नेलेल्या मुलांपैकीं न्यायालयांत भरपाई जिंकणारा तो पहिला. पुढल्याच वर्षीं तो वारला.

किंचेला येथें मुलग्यांचें बोर्डिंग १९२४ पासून १९७० पर्यंत होतें. तेथें पोरांना नांवानें नव्हे, आंकड्यानें हांक मारीत. कूटामंड्रा येथें मुलींचें बोर्डिंग होतें. तेथें त्यांना गोऱ्यांच्या घरीं मोलकरीण होण्यास तयार करीत. त्या मुलींच्या मजुरीचा मोठा भाग मंडळ आपल्याकडे जमा ठेवी, आणि पुष्कळींच्या हातीं तो कधींच पडला नाहीं. आपली भाषा बोलावयाची नाहीं, घरचें नांव काढावयाचें नाहीं. कित्येकांना तर आईबाप मेले असें खोटेंच सांगितलें.

आतां कोणी म्हणेल, "मास्तर, पण पोरांना अन्न मिळालें, कपडा मिळाला, चार अक्षरें आलीं. वाईट काय झालें?" हा प्रश्न मला शाळामास्तर म्हणून सर्वांत जास्त टोंचतो. आमच्या वाडवडिलांना शाळेच्या पायरीवर उभें करीत नसत, म्हणून आम्ही शाळेसाठीं भांडलों. शाळा म्हणजे उद्धार, हें आमच्या हाडांत भिनलें आहे. परंतु भांडून मिळविलेली शाळा निराळी आणि लेंकरूं ओढून नेऊन त्याच्यावर लादलेली शाळा निराळी. पहिल्या शाळेंतलें पोर सांजेला घरीं येतें आणि आईला पाटीवरचें अक्षर दाखवितें. दुसऱ्या शाळेंत पोराला पहिला धडा हाच देतात कीं, तुझी आई घाणेरडी, तुझी बोली रानटी, तुझे लोक टाकाऊ. आणि एवढें करून शिकविलें काय? मुलींना भांडीं घांसणें व मुलग्यांना मळ्यावर राबणें! उद्धाराचें नांव, आणि काम मात्र स्वस्त मजूर तयार करण्याचें.

कॅनडा देशांतहि असेंच झालें. तेथें दीड लाखांहून अधिक मूळनिवासी मुलांना बोर्डिंग-शाळांत घातलें. शेवटची शाळा १९९० नंतरच्या दशकांत बंद झाली. फिलिस वेबस्टॅड नांवाच्या बाईंची हकीकत आहे. १९७३ सालीं त्या सहा वर्षांच्या असतां आजीनें त्यांना शाळेसाठीं नवा नारिंगी सदरा घेऊन दिला; शाळेंत पहिल्याच दिवशीं तो काढून घेतला, तो परत मिळालाच नाहीं. आतां तेथील लोक दर ३० सप्टेंबरला नारिंगी सदरा घालून त्या मुलांची आठवण करितात.

बंधूंनो, जखम झाली ती झाली. आतां ती भरावी कशी? ज्याला आईनें कधीं कुशींत घेतलें नाहीं, त्यानें आपलें लेंकरूं कुशींत कसें घ्यावें हें कोठें शिकावें? म्हणून दुःख एका पिढींत थांबत नाहीं, नातवंडांपर्यंत उतरतें. झाड लावणारा जाणतो, रोप उपटतांना मुळाशीं माती राहिली तर तें तगतें. येथें तर माती झटकून टाकली होती.

पहिलें काम त्या लोकांनीं स्वतःच हातीं घेतलें. १९८० सालीं 'लिंक-अप' नांवाची संस्था निघाली. जुनीं दप्तरें धुंडाळावयाचीं, खरें नांव, खरें गांव, खरी आई शोधून काढावयाची, आणि भेटीच्या दिवशीं त्या माणसाबरोबर जावयाचें, हें तिचें काम. भेट म्हणजे नुसता आनंद नव्हे. कोणी आईच्या घरीं पोंचतो तों आई मातीआड झालेली असते. कोणाला भावंडांची भाषाच कळत नाहीं. अशा वेळीं पाठीवर हात ठेवणारें माणूस लागतें.

मग सरकारी मानवी हक्क आयोगानें चौकशी केली. सर रोनाल्ड विल्सन व मिक डॉडसन हे तिचे प्रमुख. डॉडसन स्वतः मूळनिवासी. पांचशेंहून अधिक लोकांनीं आपली कहाणी तिच्यापुढें ठेवली. २६ मे १९९७ रोजीं अहवाल पार्लमेंटांत ठेवला गेला. त्यांत ५४ शिफारशी होत्या. भरपाईचे पांच भाग त्यांत सांगितले आहेत. एक, झालेल्या अन्यायाची कबुली व माफी. दोन, पुन्हां असें होणार नाहीं याची हमी. तीन, जें गेलें तें शक्य तेवढें परत देणें, म्हणजे नातें, भाषा, जमिनीशीं संबंध. चार, मनाची व शरीराची शुश्रूषा. पांच, पैशाची भरपाई. पाहा, पैसा पांचवा आहे. पण तो वगळलेला नाहीं. नुसती माफी कोरडी, आणि नुसता पैसा मुका.

त्या वेळचे मुख्य प्रधान जॉन हॉवर्ड यांनीं देशाच्या वतीनें माफी मागण्याचें नाकारलें. पण लोक थांबले नाहींत. २८ मे २००० रोजीं सिडनीच्या पुलावरून सुमारें अडीच लाख माणसें चालत गेलीं. अखेर १३ फेब्रुवारी २००८ रोजीं नवे मुख्य प्रधान केव्हिन रड यांनीं पार्लमेंटांत उभें राहून माफी मागितली. ज्यांना लहानपणीं उचलून नेलें होतें, तीं म्हातारीं माणसें तेथें ऐकत होतीं. पैशाच्या बाबतींत टास्मानियानें २००६ सालीं पहिलें पाऊल टाकलें. न्यू साउथ वेल्सनें २०१७ पासून माणशीं ७५ हजार डॉलर व व्हिक्टोरियानें २०२२ पासून एक लाख डॉलर देऊं केले. तोंवर कितीएक माणसें मरून गेलीं होतीं. उशिराचा न्याय अर्ध्यांना पोंचतच नाहीं, हें आपणां कुळ-खंडकऱ्यांना निराळें सांगावयास नको.

उपचाराची खरी किल्ली मात्र ऐकण्यांत आहे. त्या लोकांपैकीं डेली नदीकांठच्या समाजांत 'दादिरी' असा शब्द आहे. त्याचा अर्थ, मन लावून, घाई न करतां, स्तब्धपणें ऐकणें. किंचेल्याच्या जुन्या मुलांनीं आपली स्वतःची संस्था काढली आहे. एकाच छताखालीं मार खाल्लेले ते म्हातारे एकमेकांना भाऊ म्हणतात, एकत्र बसतात, आणि आपली हकीकत शाळकरी पोरांना सांगतात. ज्याचें दुःख त्याच्याच हातीं त्याच्या उपचाराचा कारभार असावा, हा तेथला मोठा धडा आहे. दुसरी गोष्ट ध्यानांत घ्या. वाचलेले ते सर्वजण आतां पन्नाशीच्या पुढें गेले आहेत. म्हातारपणीं त्यांना वृद्धाश्रमाची भीति वाटते. कारण पुन्हां ओळीनें खाटा, पुन्हां घंटा, पुन्हां परक्याचा हुकूम. म्हणून सेवा करणाऱ्यानें आधीं त्यांचा इतिहास जाणला पाहिजे.

आणि हमीचें काय? अजूनहि तेथें सरकारी देखरेखीखालीं घराबाहेर असलेल्या मुलांत मूळनिवासी मुलांचें प्रमाण इतरांच्या सुमारें दहापट आहे. माफी मागून काम संपत नाहीं.

आतां आपल्याकडे वळतों. इंग्रज सरकारनें १८७१ सालीं कित्येक जमातींना जन्मानेंच गुन्हेगार ठरविणारा कायदा केला. १८९७ च्या दुरुस्तीनें चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून वेगळें ठेवण्याचा अधिकार सरकारास दिला. सोलापूर येथें अशा जमातींची तारेच्या कुंपणांतली मोठी वसाहत होती. देशभरचा तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला. पण आमच्या मनांतून तो गेला काय? गांवांत चोरी झाली कीं आपलें बोट अजून पालांकडेच जातें.

म्हणून माझें मागणें थोडें आहे. पालावरच्या पोराला शाळेंत बोलवा, पण त्याला आईपासून तोडूं नका. त्याचें नांव बदलूं नका व त्याच्या बोलीला हंसूं नका. मूल वसतिगृहांत ठेवावें लागलें तर आईला केव्हांहि भेटतां यावें. आणि त्यांच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांजवळ बसून त्यांची हकीकत ऐका.

मीं तसें करून पाहिलें. गेल्या वर्षीं मी रजिस्टर न घेतां त्या आजीकडे गेलों आणि दोन घटका नुसता ऐकत बसलों. तिचा बाप लहानपणीं तारेच्या आंत वाढला होता. त्याची आई कुंपणाच्या एका बाजूला व तो दुसऱ्या बाजूला, हें तिनें त्याच्याच तोंडून ऐकलें होतें. मीं तिची माफी मागितली. तारेबद्दल नव्हे, माझ्या त्या एका वाक्याबद्दल. दुसऱ्या सोमवारीं ती नातवाला बोटाला धरून शाळेंत घेऊन आली. पहिले पंधरा दिवस ती शाळा सुटेपर्यंत पटांगणांतल्या लिंबाखालीं बसून राही. मीं तिला एकदांहि जा म्हटलें नाहीं. सोळाव्या दिवशीं ती स्वतःच म्हणाली, "मास्तर, आता म्या घरी जाते. सांजंला त्यो येईलच."

सांजेला लेंकरूं घरीं येईल, एवढा विश्वास प्रत्येक आईला देतां आला तर शाळा ही खरी शाळा.