विषमज्वर : ताप उतरला म्हणजे रोग गेला काय?



ज्यास आपण मुदतीचा ताप म्हणतो त्या विषमज्वराचे जंतू रोग्याच्या विष्ठेतून पाण्यावाटे व अन्नावाटे दुसऱ्याच्या पोटात जातात. १९४८ साली क्लोरॅम्फेनिकॉल या रोगावर गुणकारी ठरेपर्यंत शुश्रूषेवरच सारी भिस्त असे. आज औषधे अनेक आहेत. परंतु ती अर्धवट घेतल्याने जंतू त्यांस दाद देईनासे होतात. म्हणून औषध सुरू होण्यापूर्वी रक्ताची जंतुपरीक्षा करवावी, आणि ताप उतरला तरी वैद्यांनी सांगितलेले दिवस औषध पुरे करावे.

कित्येकांच्या पित्ताशयात बरे झाल्यावरही जंतू राहतात. असा मनुष्य धडधाकट दिसतो. परंतु त्याच्या अस्वच्छ हातून पंगतीत अन्नासमवेत रोगही वाढला जातो. यास्तव आम्ही सुचवितो की, ज्ञातिभोजनास पाणी उकळून गार केलेलेच असावे, आचारी व वाढपी यांनी साबणाने हात धुवावेत, आणि नुकत्याच या दुखण्यातून उठलेल्याने मलपरीक्षा निर्दोष ठरेपर्यंत वाढावयास उभे राहू नये. यात कमीपणा मुळीच नाही.

नऊ महिन्यांवरील बालकांसही देता येणारी लस आता निघाली आहे. २०१८ साली नवी मुंबई महानगरपालिकेने ती मुलांना टोचली. आपल्या घरातील मुलांविषयी वैद्यांस अवश्य विचारावे, एवढीच विनंती.