महाकाव्य अपुरे का राहते?

शूर पुरुषावर महाकाव्य लिहायला बसलेल्या कवींची रांग मोठी आहे, आणि त्या रांगेत काम अर्धवट टाकून उठलेलेही पुष्कळ आहेत. शिवाजी महाराजांच्या काळातच कवींद्र परमानंदाने संस्कृतात 'शिवभारत' रचले. ते बत्तिसाव्या अध्यायाच्या आरंभीच थांबते, राज्याभिषेकापर्यंत पोचतच नाही. महादेव मोरेश्वर कुंटे यांनी १८६९ मध्ये 'राजा शिवाजी' छापायला घेतले, तेही अपुरेच राहिले. तिकडे मिल्टनने तरुणपणी राजा आर्थरवर महाकाव्य लिहिण्याचा बेत बोलून दाखवला आणि अखेर लिहिले ते आदम आणि ईव्ह यांच्या पतनावर. टॉल्किनने आर्थरच्या अखेरीवर दीर्घकाव्य आरंभले आणि हजार ओळी भरायच्या आतच सोडले. ते छापून आले २०१३ मध्ये, तो वारल्यावर चाळीस वर्षांनी. टेनिसनने तर ही अडचण कवितेतच घातली. १८४२ मध्ये छापलेल्या त्याच्या एका कवितेतला कवी आर्थरवरचे आपले बारा सर्ग आगीत टाकतो आणि मित्राने ओढून काढलेला एक तेवढा वाचतो. इतकी जाणती माणसे एकाच वळणावर अडखळतात, तेव्हा दोष त्यांच्या चालण्यात शोधण्याआधी रस्ता पाहावा.

आधी ओढ कशाची आहे ते पाहू. युरोपातला 'नाइट' म्हणजे स्वतःचा घोडा, स्वतःचे चिलखत आणि धन्याला दिलेला शब्द. आपल्याकडे त्याच्या जवळ येतो तो शिलेदार. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे, शिलेदार स्वतःचा घेऊन येई. घोडा मेला तर नुकसान त्याचे. दिलेल्या शब्दापायी आपली मालमत्ता आणि आपला देह पणाला लावणारा हा माणूस कवीला खुणावतो, यात नवल नाही. कोणी म्हणेल, लोकशाहीच्या दिवसांत घोड्यावरचा वीर कशाला हवा? हा आक्षेप मला फार खोल वाटत नाही. चौकाचौकातले पुतळे, जयंतीच्या मिरवणुका आणि तुडुंब भरणारी चित्रपटगृहे पाहिली, की वीराची भूक ओसरली असे कुणालाही म्हणता येणार नाही. भूक आहे, पण ती महाकाव्याच्या पानावर बसत नाही.

दुसरा आक्षेप भाषेचा. मराठी पद्याचा दम लांबच्या पल्ल्याचा नाही, असे म्हणतात. पण ज्ञानेश्वरी सुमारे नऊ हजार ओव्यांची आहे, मुक्तेश्वराने महाभारताची पर्वे ओवीत आणली आणि श्रीधराचा 'पांडवप्रताप' पिढ्यान्‌पिढ्या खेड्यापाड्यांतून वाचला गेला. १९५५च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर सुरू झालेल्या माडगूळकर-फडके यांच्या 'गीतरामायणा'ने छप्पन्न गीतांवर महाराष्ट्राला वर्षभर खिळवून ठेवले. दम आहे, फक्त तो कानाच्या आधाराने टिकतो. याचा पडताळा त्याच १८६९ सालात मिळतो. कुंटे यांनी इंग्रजी महाकाव्यांचा कित्ता समोर ठेवला, पंडिती अलंकार बाजूला सारून रांगडी बोलभाषा घेतली, आणि त्याबद्दल टीकाही सोसली. त्याच वर्षी जोतीराव फुले यांनी शिवाजीराजांचा पवाडा काढला आणि तो कुणबी, माळी, महार, मांग यांच्यासाठी आहे हे प्रस्तावनेत सांगून टाकले. एकाला साहित्यप्रकार आधी सुचला होता, दुसऱ्याला श्रोता. पवाडा आजही म्हटला जातो. 'राजा शिवाजी' अभ्यासक सोडले तर कोण उघडतो? कुंटे यांच्यावर अन्याय करू नये. बोलभाषेत महाकाव्य लिहिण्याची त्यांची कल्पना काळाच्या पुढे होती. पण ऐकणारा समाज पुस्तकापुढे आणून बसवणे एकट्या कवीच्या हातातले नव्हते.

तरीही श्रोत्याचा अभाव हे सगळे उत्तर नाही. जवळपास शंभर वर्षांनी, १९६८ मध्ये, कवी यशवंत यांचे 'छत्रपति शिवराय' हे महाकाव्य आले आणि त्याच वर्षी रणजित देसाईंची 'श्रीमान योगी' ही कादंबरी. घरोघरी गेली ती कादंबरी. लोक म्हणतात, गद्याने पद्याला हरवले. माझे मत थोडे वेगळे आहे. कादंबरीकाराने राजाला थकू दिले, आजारी पडू दिले, घरातल्या माणसांपुढे हतबल होऊ दिले. आदल्याच वर्षी आलेल्या 'मृत्युंजय'मध्ये तर नायकच हरणारा कर्ण होता. महाकाव्य लिहिणारा कवी मात्र नायकाच्या पायाशी बसूनच लेखणी उचलतो. आरतीत नायकाला शंका येत नाही, चूक होत नाही. मग कथा पुढे सरकणार कशाने? एकामागून एक विजय सांगत गेले, की सर्गांची बखर होते.

युरोपातली वीरकाव्ये टिकली ती याच ठिकाणी. आर्थरची गोलमेज शत्रूने मोडलेली नाही, ती आतून फुटली. जवळच्या मित्राच्या प्रेमाने आणि घरच्याच माणसाच्या दग्याने. फ्रेंचांचा रोलाँ पिछाडीवर घेरला जातो. मदतीसाठी शिंग फुंक, असे सोबती सांगतो, पण अभिमानापोटी तो फुंकत नाही, आणि फुंकतो तेव्हा उशीर झालेला असतो. चार हजार ओळींचे ते काव्य या एका चुकीवर उभे आहे. आता आपला प्रतापराव गुजर पाहा. उमराणीला विजापूरचा सरदार बहलोलखान कात्रीत सापडला असताना त्याने त्याला सोडले, महाराजांचा कडक ठपका आला आणि २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत तो मोजक्या स्वारांनिशी खानाच्या फौजेवर तुटून पडला. लष्करी हिशेबाने हे सरनौबताला न शोभणारे कृत्य, मनाच्या हिशेबाने असह्य शरमेचे. पुढे साडेतीन महिन्यांत रायगडावर राज्याभिषेक झाला, आणि कालांतराने प्रतापरावाची मुलगी राजारामाची पत्नी झाली. ठपका देणाऱ्या धन्याचे मन, जाणाऱ्याचे मन आणि मागे राहिलेल्या मुलीचे मन, एवढा ऐवज कोणत्या महाकाव्याला कमी पडेल? कुसुमाग्रजांनी त्यावर एक छोटी कविता लिहिली आणि ती गाण्यातून सर्वांच्या ओठी बसली. तिच्यापुढचे मैदान अजून रिकामे आहे.

इथे एक गंभीर आक्षेप येतो. वीराची चूक दाखवली तर समाजाच्या भावना दुखावतील, आणि कागदपत्रांनी बांधलेल्या इतिहासात कवीने मन घुसवले तर खोटे पसरेल. पहिल्या भीतीला उत्तर असे, की ठपक्याची गोष्ट मराठी माणूस अभिमानानेच सांगत आला आहे आणि तिने प्रतापराव लहान झालेला नाही. दुसरी भीती मी मान्य करतो. कवीने तारीख बदलू नये, मेलेल्याला जिवंत करू नये. पण कागद जिथे गप्प होतो तिथे, खिंडीकडे निघालेल्या स्वाराच्या मनात, शिरण्याचा हक्क कवीचाच आहे. इतिहासकार तिथे जाऊ शकत नाही, आणि जाऊही नये.

तेल्हाऱ्यात हे बोलायचे कारण लांब नाही. आपल्या शेजारच्या अडगावच्या शिवारात २९ नोव्हेंबर १८०३ रोजी नागपूरकर भोसल्यांची फौज इंग्रजांपुढे मोडली. तोफा सुरू होताच कंपनीच्याच काही पलटणी पळत सुटल्या होत्या. त्यांना वळवून परत उभे करणारा सेनापती म्हणजे पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलस्ली. नावाने आर्थरच, योगायोग गमतीचा आहे. पळता पळता थांबलेली पलटण आणि जिंकता जिंकता हरलेली फौज, दोन्ही एकाच रानात. तिथून इंग्रज गाविलगडावर गेले. गडाचा किल्लेदार होता बेनीसिंग राजपूत. तो दरवाजात लढत पडला आणि त्याचे प्रेत तिथल्याच मृतांच्या ढिगात सापडले. १५ डिसेंबरला गड पडला आणि दोन दिवसांनी भोसल्यांनी देवगावच्या तहावर सही केली. अडगाव ते गाविलगड, सोळा दिवस. हरलेली बाजू, ठाऊक असलेला शेवट, आणि तरीही दरवाजा न सोडणारा एक माणूस. वऱ्हाडी बोलीत लिहिणाऱ्या इथल्या तरुण कवींना माझी विनंती आहे, की बेनीसिंगाला देव करू नका, त्याला आदल्या रात्री जागे ठेवा. आणि पहिला सर्ग झाला की छापण्याआधी तो गावात मोठ्याने वाचा.