उत्तर आधी ठाऊक नसलेला प्रयोग



कॉलेजच्या या संमेलनात पारितोषिक मिळवणाऱ्या सर्वांचं मनःपूर्वक अभिनंदन. विज्ञान शाखेच्या मुलांशी आज थोडं जास्त बोलणार आहे.

26 जुलै 2005 ला तुमच्यापैकी बरेच जण जन्मलेही नव्हते. त्या चोवीस तासांत इथे मुंबईत, सांताक्रूझच्या वेधशाळेत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. म्हणजे गच्चीच्या दर चौरस मीटरवर 944 लिटर पाणी! कुलाब्यात मात्र 75 मिलिमीटरही झाला नाही. शहर एकच, दिवस एकच. मधल्या वस्त्यांत किती पडला, हे तिथे कुणी मोजलं असेल तरच कळणार.

असं मोजण्याचं काम बी.एस्सी.ची मुलं नक्की करू शकतात. पण नेहमीच्या प्रॅक्टिकलला उत्तर आधीच ठाऊक असतं. रीडिंग जुळलं नाही की शेजारच्या जर्नलमध्ये डोकावलं जातं. आता त्याऐवजी जवळच्या वाकोला नाल्याचं पाणी बाटलीत घ्या. काठावरच त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड घाला. तपकिरी साका आला, तर पाण्यात ऑक्सिजन आहे. साका पांढराच राहिला, तर त्या पाण्यात मासा जगायचा नाही. हे उत्तर कुणाच्याच जर्नलमध्ये नसतं. मग भरतीला, ओहोटीला, पावसाळ्यात पुन्हा जावं लागतं. तारीख, वेळ, जागा लिहायची आणि न पटणारं रीडिंगही खोडायचं नाही. संशोधकाचा प्रामाणिकपणा इथेच अंगी मुरतो.

संशोधनाची पुढची वाटही जवळच आहे. वडाळ्याला गाडी बदलली की मानखुर्द. तिथल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानं 2004 मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनाची संधी देणारा राष्ट्रीय उपक्रम सुरू केला. विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धेतही पदवीच्या मुलांचा वेगळा गट असतो. ‘आपलं साधं कॉलेज’ म्हणून मागे राहू नका. अर्ज करा.

प्राचार्यांना विनंती, प्रॅक्टिकल संपल्यावरही प्रयोगशाळा तासभर उघडी ठेवा. नोकरी करून शिकणाऱ्या मुलांना प्रकल्पासाठी थोडं मानधन देता आलं, तर तीही येतील. पालकहो, मुलगी चिखलानं माखून उशिरा घरी आली, तर मार्क किती मिळणार हे विचारू नका. काय सापडलं ते विचारा.

आणि मुलांनो, जूनच्या आत कॉलेजच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवा. रोज सकाळी साडेआठला नोंद घ्या, सुट्टीतही पाळी लावा. पुढच्या संमेलनात त्या नोंदींचा तक्ता रांगोळी-प्रदर्शनाशेजारी लावा. तो पाहायला मी आवर्जून येईन.